मास्तरांनी बेतलेली बाग

मास्तर शाळेतले नव्हते, शिलाई मशीनवरचे होते. बाजाराच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात त्यांनी उभा जन्म कपडे शिवले, आणि गल्लीतल्या कोणाचं पोट कधीपासून सुटायला लागलं याची बित्तंबातमी त्यांच्या टेपला होती. हात सफाईचा, बोलणं मोजकं, आणि शिवण अशी की कापड विरेल पण टीप उसवणार नाही. दोष म्हणाल तर एकच. कपडा कधी मिळेल असं विचारलं की मास्तर कात्री न थांबवता सांगत, "मंगळवारी घेऊन जा." कोणत्या मंगळवारी, ते मास्तर सांगत नसत आणि विचारून काही उपयोगही नसे. गल्लीत कोणाचं काम रेंगाळलं की लोक म्हणत, होईल, मास्तरांच्या मंगळवारी होईल. एका नवरदेवाने शहाणपणा करून लग्नाची तारीख आठवडाभर अलीकडची सांगितली होती. तरी त्याच्या कोटाची बटणं मास्तरांनी हॉलच्या दारात उभं राहून लावली.

दुकानाच्या बरोबर वरच्या खोलीत त्यांचा संसार होता. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू खिडकीत बुटक्या स्टुलावर बसून भाजी निवडत आणि खालचा व्यवहार ऐकत. मास्तरांनी मंगळवार म्हटलं की वरून खोकला येई. तो खोकला सर्दीचा नाही हे गिऱ्हाइकांना समजत असे, आणि मास्तरांना तर समजतच असे, पण ते मान वर करत नसत. खिडकी हे काकूंचं कार्यालय होतं. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाच्या घरात नवे पडदे लागले, भाजीवाला आज कोणाच्या पिशवीत कालचे टोमॅटो घालतोय, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. वरून नुसतं "अरे" ऐकू आलं की भाजीवाला टोमॅटो बदलून देत असे.

पुढे मास्तरांना काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला, आणि त्याच सुमाराला मालकाने ती जुनी इमारत पाडायला काढली. दोन्ही गोष्टी एकदमच आल्यामुळे नेमकं कोणावर रागवावं ते मास्तरांना ठरवता आलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक छोटं बैठं घर त्यांनी घेतलं. गल्ली शांत, नळाला पाणी, खोल्यांत उजेड. काकूंनी सगळं घर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

मास्तरांच्या काळजात धस्स झालं.

यात धस्स होण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण शिवणकाम करणाऱ्याला विचारा. गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एक जण ट्रायलला कोट अंगात घालतो आणि सुरू होतो: खांद्यात धरतंय, बाही बोटभर लांब झाली, खिशात हात जात नाही, हे कसलं काम म्हणायचं मास्तर. हा माणूस तो कोट फाटेपर्यंत घालणार. दुसरा आरशात बघतो, छान म्हणतो आणि पिशवी उचलतो. त्याच्या अंगावर तो कोट पुन्हा दिसत नाही. जे घालायचंच नाही ते ऑल्टर कशाला करून घेईल कोणी? मास्तर आयुष्यभर भांडखोर गिऱ्हाइकांना भ्याले नाहीत. त्यांना भीती वाटे ती फक्त 'छान'ची. आणि घरात तर हा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांचा चहा, त्यांचं सायकल लावणं, त्यांचं घोरणं, या सगळ्यात काकूंनी वेळोवेळी दुरुस्त्या सुचवल्या होत्या आणि संसार उत्तम चालला होता.

आता मात्र स्वयंपाकघर छान होतं, शेजार छान होता, नळाचं पाणीसुद्धा छान होतं. भांडीकुंडी गरजेपुरती बाहेर आली. बाकीची खोकी सुतळीने बांधलेली तशीच बोळात उभी राहिली. त्यात काकूंचे पडदे होते, खिडकीतली उशी होती, तो बुटका स्टूल होता. मास्तर न्हाणीत जाताना त्या खोक्यांवरून अंग चोरून, आडवे होऊन जात. एकदा त्यांनी विचारून पाहिलं. काकू म्हणाल्या, "राहू द्या. काय घाई आहे?"

घाई नव्हती कारण मुलीचा फोन आला होता. मुलगी दुसऱ्या गावी एका गजबजलेल्या चौकात दुसऱ्या मजल्यावर राहायची. गॅलरीतून सगळा चौक दिसतो, तुम्ही दोघं इकडेच या, असं तिचं म्हणणं होतं. काकू हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. थंडी सरली की ये न्यायला, मी थोडे दिवस राहून बघते, एवढंच त्या म्हणाल्या. थोडे दिवस म्हणजे काय ते मास्तरांना बरोबर कळलं. मंगळवारचा शोध लावणाऱ्या माणसाला कोण फसवणार?

मास्तरांना जावयाकडे राहायला जायचं नव्हतं. जावई वाईट होता असं नाही. फार चांगला होता, तीच अडचण होती. मास्तर खोलीत आले की तो उठून उभा राही, आणि मास्तर पुन्हा बाहेर जाईपर्यंत बिचाऱ्याला मॅच उभ्यानेच पाहावी लागे. शिवाय जन्मभर दुसऱ्याच्या जिन्याखाली काढल्यावर पायाखाली स्वतःची जमीन आली होती, आणि ती मास्तरांना आवडली होती. पण काकूंशिवाय तिचं करायचं काय?

विचार करता करता त्यांना जुन्या खिडकीतला तेलाचा डबा आठवला. त्या डब्यात काकूंनी जाईचा वेल लावला होता. मास्तरांनी हिशेब मांडला, की एका डब्यावर जी बाई इतकी वर्षं खूश होती ती अख्ख्या बागेवर किती खूश होईल. हिशेब दिसायला बिनचूक होता. चूक कुठे होती ते पुढे कळेलच.

घराच्या एका बाजूला भिंत आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी होती. लांब, अरुंद, मफलरसारखी. एका टोकाला रस्त्याकडचं फाटक, दुसऱ्या टोकाला न्हाणीची भिंत. बांधकामवाल्यांनी विटांचे तुकडे आणि घट्ट झालेलं सिमेंट तिथेच टाकलेलं, आणि बरोबर मध्यावर, पांढऱ्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग पडावा तसं, गटाराचं झाकण. मास्तरांनी गळ्यात टेप अडकवला, कानामागे खडू खोवला आणि माप घ्यायला सुरुवात केली. माणसाचं माप घेणारा तो टेप. भिंतीच्या लांबीला तो पुन्हा पुन्हा लावावा लागला, आणि प्रत्येक वेळी मास्तर सवयीने भिंतीला म्हणत, श्वास सोडा.

पलीकडून हे सगळं कंपाउंडरसाहेब बघत होते. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं देण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ते सगळ्यांना औषधंच देत. गुलाबाला सकाळी उपाशीपोटी पाणी, खत चमचाभर आणि तेही जेवणानंतर, कीड पडली तर लगेच दाखवून जा, असं त्यांनी कुंपणावरून सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाचं ऐकून घेऊन आपल्याला हवं तेच कापायची त्यांना सवय होती.

आधी बेतायचं, मग कापायचं, हा त्यांचा धर्म. वर्तमानपत्रं खळीने चिकटवून त्यांनी वाफ्यांचे पूर्ण मापाचे खाके तयार केले. त्यासाठी स्वयंपाकघरातली कात्री घेतली, कारण कापडाची कात्री कागदाला लावणं म्हणजे महापाप. तिची धार जाते. त्या कात्रीला घरात कोणी हात लावत नसे. मुलीने लहानपणी एकदा त्या कात्रीने बाहुलीचे केस कापले होते, तेव्हा मास्तर दोन दिवस जेवले नव्हते. खाके जमिनीवर पसरून त्यांनी वर दगड ठेवले. दुपारी वारा आला, एक खाका उडाला आणि कुंपणापलीकडे गेला. कंपाउंडरसाहेबांनी तो नीट घडी घालून परत आणून दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुमचा गुलाबाचा वाफा आमच्याकडे आला होता."

रोपवाटिकेतल्या बाईंचीही मास्तरांनी परीक्षा पाहिली. प्रत्येक रोपापुढे उभं राहून ते एकच विचारत, हे पुरतं वाढल्यावर उंची किती आणि घेर किती. चार-पाच रोपं झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, झाड नेताय की त्याला कोट शिवताय?" पण मास्तरांचं तत्त्व पक्कं होतं. लहान मुलाचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा. शाळेचे गणवेश त्यांनी असेच शिवले. पहिल्या वर्षी पोर त्यात हरवायचं आणि तिसऱ्या वर्षी शोभायचं. त्याच हिशेबाने त्यांनी रोपं इतकी लांब लांब लावली, की लागवड झाल्यावर बाग झाली आहे हे सांगावं लागे. कंपाउंडरसाहेब बराच वेळ बघून म्हणाले, टक्कल पडतंय की केस येताहेत, तेवढं सांगा.

झाकणाचा डागही मास्तरांनी झाकला. झाकण उघडता तर आलं पाहिजे, म्हणून त्याच्या तीन बाजूंनी विटा उभ्या लावून वर कर्दळीची कुंडी ठेवली. लांबून तो अगदी वरून लावलेला खिसा वाटे. चालायची वाट फरशीच्या तुकड्यांची. तुकडे एका रेषेत, धावदोरा घातल्यासारखे.

आणि बाक. त्याची गोष्ट वेगळी होती. दुकान बंद करताना मास्तरांनी सगळं देऊन टाकलं होतं, फक्त टेप, कात्री आणि कापड बेतायचं लांब टेबल तेवढं आणलं होतं. त्याची फळी कापून त्यांनी काकूंसाठी बाक केला. उंची किती, रुंदी किती, पाठ कुठे टेकेल, हे काकूंना विचारायची त्यांना गरज पडली नाही. काकूंची मापं त्यांना पाठ होती. बाक ठेवला अगदी आतल्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीजवळ सावलीत. तोंड झाडांकडे, म्हणजे घराच्या भिंतीकडे. फाटकापाशी दाट झुडपं लावली आणि त्यांच्या बाबतीत मात्र वाढत्या अंगाचा नियम मोडून ती आधीच वाढलेली आणली. रस्त्यावरच्या कोणाची नजर आत येऊ नये, काकूंना निवांत बसता यावं, हा त्यामागचा विचार. मास्तरांना वाटलं, याहून चांगलं फिटिंग आजवर आपल्या हातून झालेलं नाही.

त्यांनी काकूंना पहिल्या ट्रायलला बोलावलं. काकू पदर खोचून आल्या, वाटेवरून टोकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे." दुसऱ्या ट्रायलच्या वेळी जाईचा वेल दोऱ्यावर चढवला होता. तेव्हा म्हणाल्या, "छानच आहे." मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. 'छान'ला जोर चढला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. कंपाउंडरसाहेबांनी कुंपणावरून विचारलं, की बाग पुरी कधी व्हायची. मास्तर म्हणाले, मंगळवारी. म्हणून झाल्यावर ते जरा थांबले, घराकडे कान लावून. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. खोकला आला नाही.

थंडी सरली. मुलीचा निरोप आला, उद्या दुपारपर्यंत पोचते.

दुसऱ्या दिवशी काकू लवकर आवरून बसल्या. चांगली साडी, हातात पिशवी, शेजारी बांधलेली बॅग. मास्तर घरभर उगाच फिरत होते. एक खिळा काढला, पुन्हा तिथेच ठोकला. हातोडीचा आवाज काकूंना सोसवेना, म्हणून त्या पिशवी आणि बॅग घेऊन बागेत जाऊन बाकावर बसल्या. बॅग वाटेवर ठेवली. मास्तर खिडकीच्या गजांमधून बघत होते. जाईला चार फुलं आली होती. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात फाटकाबाहेर रस्त्यावर भांडण लागलं. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, आणि मध्ये मध्ये कुत्रं. बाई म्हणत होती, रोज माझ्याच दाराशी का. पुरुष म्हणत होता, रस्ता काय तुमच्या नावावर आहे. काकू ताठ झाल्या. त्यांनी मान डावीकडे वळवली, तर झुडपं. पुढे वाकल्या, तर मध्ये कर्दळ. उठून उभ्या राहिल्या, चवड्यांवर उंच झाल्या, तरी पानांपलीकडे नुसती एक छत्री हलताना दिसली.

"अहो," काकूंनी हाक मारली. "इकडे या आधी."

मास्तर धावत गेले. मुलगी आली का, असं त्यांनी विचारलं.

"मुलगी यायची तेव्हा येईल. भांडतंय कोण?"

मास्तरांनी टाचा उंचावून पाहिलं, तर त्यांनाही छत्रीच दिसली.

"इतका खटाटोप केलात आणि बाकावर बसून रस्ता दिसत नाही. मी काय भिंतीचं तोंड बघत बसू? भिंत बघायची तर घरातही चार आहेत." एव्हाना भांडण पुढे सरकलं होतं आणि त्यातले महत्त्वाचे शब्द निसटत होते, त्यामुळे काकू जास्तच चिडल्या. "उलटं बेतलंय तुम्ही. सुलट बाजू आत आणि उलटी रस्त्याला. इतकी वर्षं कापड हाताळलंत, तुम्हाला सुलट-उलट कळू नये?"

 मास्तरांचा हात आपोआप कानामागे खडूकडे गेला.

"आणखी?" त्यांनी हळूच विचारलं.

आणखी पुष्कळ होतं. थंडीभर साठून राहिलेलं सगळं बाहेर आलं. फरशीचे तुकडे फार लांब लांब, प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते, मी काय चिमणी आहे? कुंडीचा खिसा पोटाला लागतो. नळ त्या टोकाला आणि झाडं या टोकाला, पाणी कोण वाहणार? आणि रोपांत एवढं अंतर कशाला, आपण काय दोघांनी शंभर वर्षं जगायचं ठरवलंय? मास्तर प्रत्येक तक्रारीला खडूची खूण करत होते. फरशीवर, विटेवर, कुंडीच्या काठावर. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की कुंपणावरून डोकावलेल्या कंपाउंडरसाहेबांना वाटलं, मास्तरांना ताप आला असावा.

मग मास्तरांनी काकूंना बाकावर बसवलं आणि गळ्यातला टेप काढला. बसल्या जागी जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं माप घेतलं. काकूंची सगळी मापं त्यांना पाठ होती, पण हे त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. त्या मापाइतकी खूण त्यांनी फाटकाजवळच्या झुडपांवर केली आणि वरचा भाग छाटून टाकला. बाक उचलायला कंपाउंडरसाहेब फाटकातून आत आले. फळी जुन्या लाकडाची, दोघांच्याही कमरा कुरकुरल्या. काकू पुढे उभ्या राहून हाताने दिशा दाखवत होत्या: जरा इकडे, इतकं नाही, आता थोडं तिरकं, म्हणजे वळणसुद्धा दिसेल. बाक फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून ठेवला गेला. काकू बसल्या. भांडण तोपर्यंत संपलं होतं, पण समोरची बाई दारात उभी राहून मनातल्या मनात ते पुढे चालवत होती. काकूंनी तिला विचारलं, काय झालं हो? बाई रस्ता ओलांडून आली. थोड्याच वेळात काकूंना कळलं, की कुत्रेवाला कोपऱ्यावरच्या घरातला आहे, त्याची बायको माहेरी गेली आहे आणि म्हणून कुत्र्याकडे कोणी बघत नाही. कंपाउंडरसाहेब या गल्लीत कित्येक वर्षं राहत होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"फळी टोचतेय," काकू मागे न बघता म्हणाल्या. "त्या खोक्यात उशी आहे, ती काढा."

मास्तर घरात गेले. सुतळीची गाठ घट्ट होती. त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री शोधली, ती सापडेना. मग त्यांनी खिळ्यावरची कापडाची मोठी कात्री काढली, आणि जिने उभ्या जन्मात कागदसुद्धा कापला नव्हता, तिने सुतळी कापली. एका खोक्याची कापली, मग हात थांबेना. सगळ्याच खोक्यांची कापली.

मुलगी आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. वाटेवर छाटलेल्या फांद्या होत्या, उखडलेल्या फरश्या होत्या आणि आईची बॅग होती, जिच्यावर कोणीतरी कर्दळीची कुंडी तात्पुरती ठेवली होती. आई पाठीला उशी घेऊन, पायाखाली बुटका स्टूल घेऊन बसली होती आणि एका अनोळखी बाईला सांगत होती, की चूक कुत्र्याची नाही, माणसाची आहे.

"आई, निघायचं ना?" मुलीने विचारलं.

"जरा थांब," काकू म्हणाल्या. "हे एवढं ऑल्टरचं काम काढलंय तुझ्या वडलांनी. अर्धवट टाकून कशी येऊ? मी बघितलं नाही तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवतील."

मुलीने बापाकडे पाहिलं. मास्तर गुडघ्यांवर बसून एक फरशी दुसऱ्या फरशीजवळ सरकवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, मग हे पुरं कधी होणार? तेव्हा येते मी न्यायला."

"मंगळवारी," मास्तर म्हणाले.

बाकावरून खोकला आला.